गव्हाणीतली भाकर

सांडू मक्यातच गेला. जेवून उठून नुकतीच पात धरली होती. हातातला इळा न सोडता तो आधी गुडघ्यावर बसला आणि मग हळूच कुशीवर झाला. पलीकडच्या पातीला कचरू होता. त्याला वाटलं, सांडूनाना तंबाखू मळायला बसला. मळून मळून माणूस किती मळणार म्हणून त्यानं वळून बघितलं, तेव्हा सांडूच्या तोंडाला माती लागली होती आणि तो ती पुसत नव्हता.

मग धावपळ झाली. कचरूनं खांद्याखाली हात घातले, त्याची बायको गीताबाई हिनं पाय धरले. सांडूची बायको दगडाबाई नुसती मागं मागं चालत राहिली. कचरूचा धम्मपाल शहरातून सुट्टीला आलेला होता. तो रस्त्यात आडवा उभा राहिला आणि कांद्याची रिकामी गाडी त्यानं थांबवली. सांडूचं डोकं त्याच्याच मांडीवर होतं. दवाखान्याच्या फाटकातून गाडी आत वळली तेव्हा धम्मपालनं आईकडं बघून मान हलवली आणि गीतानं दगडाबाईचा हात धरला. दगडाबाईला तो हात कळला, पण लांबून. त्या घटकेपासून तिला सगळंच लांबून कळायला लागलं.

देवगाव रंगारीच्या शिवारात या दोघांची वावरं बांधाला बांध लागून. एक बैल सांडूचा, एक कचरूचा. दोन्ही जोडले की औत चालायचं. माणसांचंही तसंच. आज यांचा मका, उद्या त्यांची कपाशी. कुणी कुणाला रोज द्यायचा नाही, कामाला काम फेडायचं. याला सावड म्हणतात आणि गावात आता ती कुणी करत नाही, कारण ट्रॅक्टरला सावड लागत नाही. या दोन घरांत ती टिकली, ती मायेनं टिकली की नाइलाजानं, हे त्यांनी कधी बोलून बघितलं नव्हतं.

दुपारी लिंबाखाली दगडाबाई आणि गीता शेजारी बसून जेवायच्या. गीताच्या हातच्या ठेच्याशिवाय दगडाबाईला घास उतरायचा नाही. विचारायची पद्धत नव्हती. सरळ तिच्या फडक्यावरची भाकर मोडून घ्यायची. दगडाबाईचं घर मराठ्याचं, गीताचं बौद्धाचं. लिंबाखाली याची आठवण कुणाला यायची नाही. घरी मात्र गीता ओट्यापर्यंतच यायची. चहा प्यायची, कप विसळून पालथा घालायची, आणि तो कप कोनाड्यात इतर कपांपासून बाजूला असायचा. इतक्या वर्षांत त्यावर एक अक्षर बोललं गेलं नव्हतं. वावरातलं वावरात, घरातलं घरात, एवढं दोघींनाही न सांगता कळत होतं. माणसं अशीच निभावून नेतात आणि वर म्हणतात की आमच्या गावात भेदभाव नाही.

दिवस मावळायच्या आत सगळं उरकलं. मुलगा सोमनाथ आणि सून दीपमाला वाळूजहून आली. तो तिथं कंपनीत कामाला. सांडूची थोरली बहीण कौतिकबाई अजिंठ्याहून आली. ती वेशीपासून रडत आली, अंगणात लोळली, आणि रडून झाल्यावर तिनं पदर खोचून घर ताब्यात घेतलं. कुणी कुठं बसायचं, पाणी कुठं तापवायचं, कुणाला शिवायचं आणि कुणाला नाही, सगळं तिच्या तोंडात तयार होतं. दगडाबाईला बरंच वाटलं. स्वतःहून काही ठरवायचं नव्हतं.

मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारपाजारचे, भाऊबंद आपापल्या घरून भाकरी करून आणतात. कडू भाकर म्हणतात तिला. ती घरच्यांनी खायची, नको असली तरी खायची. दिवेलागणीला बायका येऊ लागल्या. कुणी ज्वारीच्या भाकरी आणल्या, कुणी पिठलं, कुणी नुसती डाळ. कौतिकबाई सगळं एका टोपल्यात रचत होती.

गीता आली ती दुरडी घेऊन. ओट्यावर थांबली नाही. आपण कुठवर आलो याचं तिलाही भान नसावं, कारण सरळ मधल्या घरात येऊन तिनं दगडाबाईसमोर बसकण मारली आणि फडकं सोडलं. बाजरीच्या भाकरी होत्या, नव्या बाजरीच्या, जाड.

"आक्का, थोडं तरी खाय," ती म्हणाली. "दुपारपून पोटात काय न्हाई तुझ्या."

दगडाबाईनं भाकरी मांडीवर घेतल्या. अजून गरम होत्या. त्या दिवसात तिला धड जाणवलेली ती पहिली गोष्ट. गीता थोडा वेळ बसली, डोळे पुसले, दुरडी तिथंच ठेवून गेली.

ती गेल्यावर कौतिकबाई आली. बाजरीची भाकर बघून म्हणाली, ही कुणाची? दगडाबाई म्हणाली, गीताची. कौतिकबाई जराही ओरडली नाही. ती ओरडणारी बाई नव्हतीच. तिनं दाराकडं बघितलं, बाहेर भाऊबंद पानावर बसायच्या तयारीत होते, मग खाली वाकून दगडाबाईच्या कानाशी आली.

"घरात मयत झालंय," ती म्हणाली. "भाऊबंद बसल्यात. आजच्या दिवशी नको. बैलाला घाल जा."

दीपमाला भिंतीला टेकून बसली होती. तिनं नवऱ्याकडं बघितलं. सोमनाथ दारात उभा होता. सोमनाथ आणि धम्मपाल शाळेत एका बाकावरचे. परिपाठाला संविधानाची उद्देशिका म्हणायचा मान सोमनाथचा असायचा. खणखणीत म्हणायचा, कुठं अडखळायचा नाही. अजूनही त्याला ती पाठ आहे. त्यानं खिशातून मोबाइल काढला आणि त्यात बघायला लागला.

दगडाबाई उठली. कौतिकबाईचं पटलं म्हणून नाही, आणि भीती वाटली म्हणूनही नाही. तिला त्या दिवशी ऊठ म्हटलं की ती उठत होती, बस म्हटलं की बसत होती. बांगड्या फोडायला हात पुढं कर म्हणाले तेव्हा तिनं असाच पुढं केला होता. भाकरी पदरात घेऊन ती गोठ्यात गेली, गव्हाणीत ठेवल्या, आणि परत येऊन आपल्या जागी बसली. मग कौतिकबाईनं टोपल्यातली ज्वारीची भाकर तिच्या हातात दिली. ती तिनं खाल्ली.

बैलानं भाकर हुंगली आणि कडब्यात तोंड घातलं. त्याचाही त्या दिवशी मालक गेला होता.

सकाळी गीता शेण काढायला आली. सुतकात घरच्यांचा हात कामाला लागत नाही, म्हणून ती न सांगता आली होती. दगडाबाई मागच्या दारात तोंड धूत होती. तिथून गोठा समोर दिसतो. गीतानं खराटा उचलला, गव्हाणीपाशी गेली आणि थांबली.

बराच वेळ ती तशीच वाकून उभी होती. मग तिनं खराटा भिंतीला टेकवला. गव्हाणीतली भाकर उचलली, तिच्यावरचा कडब्याचा कुटका झटकला, तुकडे केले आणि एक एक तुकडा बैलाच्या तोंडापुढं धरला. बैल तिच्या हातचा होता. औताला तिच्याही वावरात जात होता, तिच्या हातून पेंड खात होता. रात्रभर न शिवलेली भाकर त्यानं तिच्या हातून खाल्ली. सगळ्या भाकरी संपेपर्यंत ती उभी राहिली.

मग तिनं शेण काढलं. मूत लोटून दिलं. गोठा रोजच्यासारखा झाडला, कोपऱ्यातसुद्धा. जाताना मागच्या दाराकडं बघितलं. दगडाबाईच्या हातात तांब्या होता, तोंड ओलं होतं. दोघींनी एकमेकींना बघितलं.  गीतानं रात्रीच कुणी ओट्यावर काढून ठेवलेली आपली दुरडी घेतली, काखेला लावली आणि गेली.

त्यानंतर ती त्या घरी आली नाही.

सुतकाचे दिवस गेले. दगडाबाई कोपऱ्यात बसून राहिली. बाया येत, गळ्यात पडून रडत, पुढल्या बाईला जागा देऊन उठत. दगडाबाईच्या डोळ्याला पाणी नव्हतं. कौतिकबाई सगळ्यांना सांगायची, हिला धक्का बसलाय. दगडाबाईला स्वतःला तसं काही वाटत नव्हतं. हात जड वाटत, जीभ जाड वाटे, आणि कुणी सांडूचं नाव काढलं की ते दुसऱ्याच कुणाचं वाटे. मध्येच वाटायचं, गीता कुठं हाय? मग आठवायचं. ते मात्र लांबून यायचं नाही, जवळून यायचं.

तेराव्याला कचरू आला. धुतलेला सदरा घालून आला, मंडपात शेवटाला बसला. पंगत बसली तेव्हा सोमनाथ त्याला हाताला धरून न्यायला गेला. कचरू हसून म्हणाला, पोट बरं न्हाई बाबा, तुम्ही बसा. त्यानं दोन्ही हात जोडले, सांडूच्या फोटोला फूल वाहिलं आणि निघाला. गीता आली नव्हती. विशाखाही, त्यांची मुलगी, आली नव्हती. कौतिकबाई म्हणाली, बघा, बोलावून येत न्हाईत, अन् मग आपल्यालाच नावं ठेवायची. दगडाबाईनं ऐकलं. पुरण तोंडात तसंच राहिलं.

कौतिकबाई अजिंठ्याला गेली त्या दिवशी घर एकदम मोठं झालं. सोमनाथची रजाही संपत आली होती. संध्याकाळी तो आईपाशी येऊन बसला. त्यानं विषय नीट मांडला, कंपनीत मांडतात तसा. वावर ठोक्यानं देऊन टाकू, वर्षाची रक्कम ठरवून. मका निघाला की बैल विकू. तू चल आमच्याकडं. दोन खोल्या आहेत, होईल आपलं.

दगडाबाईनं वाळूजच्या त्या खोल्या पाहिल्या होत्या. दार उघडलं की समोर दुसऱ्याचं दार. दिवसभर खिडकीत बसायचं, सूनबाईच्या डब्याची वेळ सांभाळायची. सांडू जिवंत असताना ती दोन दिवसांच्या वर तिथं राहिली नव्हती.

"मका तर निघू दे," ती म्हणाली. "गहू पेरायचाय. गीता आली तर व्हतंय माझ्याच्यानं."

"अन् नाय आली तर?"

त्यावर ती बैलाला पाणी दाखवायला उठली. सोमनाथनं परत विचारलं नाही. का येणार नाही हे त्यालाही माहीत होतं, आणि ते आईच्या तोंडून ऐकायची त्याची तयारी नव्हती.

दीपमाला भांडी घासत होती. ती शहरात वाढलेली, लग्नाआधी क्रांती चौकातल्या एका झेरॉक्सच्या दुकानात कामाला होती. जे वाटतं ते ती बोलते, जरा उशिरा बोलते एवढंच. सोमनाथ बाहेर गेल्यावर ती हात पुसत आली. म्हणाली, आई, त्या संध्याकाळी मी बघत होते, मी उठायला पाहिजे होतं. मग म्हणाली, तुम्ही त्यांच्या घरी जा आणि माफी मागा.

दगडाबाईला सुनेचा राग आला नाही. पण माफी कशी मागतात हे तिला खरंच माहीत नव्हतं. तिच्या सासूनं तिची कधी मागितली नव्हती, सांडूनं तर नाहीच. बांधावरून भांडण झालं, कुणी कुणाला लागेल असं बोललं, तर दुसऱ्या दिवशी त्याच्या कामाला उभं राहायचं. बोललेलं तिथंच मातीत जायचं. एवढीच रीत तिला ठाऊक होती. घरात जाऊन, समोर बसून, माझं चुकलं म्हणायचं, हे मालिकेतल्या बाया करतात.

सोमनाथ आणि दीपमाला गेली. दगडाबाई इळा घेऊन एकटी मक्यात उतरली.

मका वाळून कडक झाला होता. अर्धा सोंगून भुईवर पडलेला, अर्धा उभा. सांडू पडला तिथली ताटं तशीच वाकलेली होती. ती तिथूनच सुरू झाली, कारण मक्याला त्याचं काय. पानांनी हात चिरत होते, घामानं ते चिरे चुरचुरत होते. गळ्यात, पाठीत सगळीकडं कुसळ. दोन माणसांची पात एकटीनं ओढायची म्हणजे मध्येच मागं वळून बघायची खोड लागते. तिला वाटायचं पलीकडं कुणीतरी ओणवं आहे. पलीकडं बांध होता आणि बांधापलीकडं गीताची कपाशी पांढरी फुटून उभी होती. तिथं गीता आणि विशाखा वेचत असायच्या. विशाखा काही बोलायची, गीता हसायची. आवाज इकडं यायचा, शब्द यायचे नाहीत.

एक दिवस परतीचा पाऊस आला. फार नाही, पण भुईवर पडलेल्या कणसांना पुरेसा. दोन दिवसांनी तिनं कणूस सोललं तर दाण्यातून पांढरा कोंब वर आला होता. तिनं ते बाजूला टाकलं, दुसरं सोललं. तेही तसंच. सोमनाथचा फोन आला तेव्हा ती म्हणाली, सगळं ठीक आहे. रोजानं बाया लाव म्हणाला. बाया कुठून लावायच्या, सगळ्या कपाशीत. आणि गीताच्या जागी रोजाची बाई उभी करायची, म्हणजे गीता येणार नाही हे आपणच गावाला सांगितल्यासारखं होणार.

त्याच आठवड्यात दोघी समोरासमोर आल्या. पाणंद अरुंद, एका बाजूला बाभळी, चुकवायला जागा नव्हती. गीताच्या डोक्यावर कपाशीचं गाठोडं होतं. ती बाजूला सरून उभी राहिली, दगडाबाईला वाट दिली.

"बरं हाय ना बाई?" ती म्हणाली. "काय लागलं तर सांगा."

आक्का नाही, बाई. सांग नाही, सांगा. दगडाबाई व्हय म्हणाली आणि पुढं गेली. पुढं जाऊन तिला चालवेना. ती बाभळीखाली बसली. नवऱ्याच्या मागं न आलेलं रडू तिला तिथं आलं, आणि तेही पुरतं आलं नाही. नाक पुसून ती उठली.

दुसऱ्या दिवशी तिनं भाकरी थापली नाही. सकाळी बैलाला चारा टाकला, पाणी दाखवलं, अंघोळ केली, आणि इळा घरी ठेवून मोकळ्या हातानं निघाली. सांडू गेला त्या आधी कचरू-गीता तिच्या मक्यात राबले होते. त्या कामाचं उलटं काम अजून फेडायचं राहिलं होतं. ते फेडायला जायचं तिनं ठरवलं. भाकरी न घेता जायचं हेही ठरवलं. माफी मागायची तिची तऱ्हा ही एवढीच होती. गीताला ती कळेल याची तिला खात्री होती, कारण सावडीत स्वतःची भाकर न घेता येणारी बाई कशासाठी आली आहे ते कुणालाही कळतं.

ती बांध ओलांडून कपाशीत गेली. गीता आणि विशाखा वेचत होत्या.  दगडाबाईनं कमरेला ओटी बांधली, गीताच्या शेजारची ओळ धरली आणि बोंडात बोटं घातली. विशाखानं आईकडं बघितलं. ती तालुक्याच्या गावी, कन्नडच्या कॉलेजात शिकते, तिला बोलायचं होतं हे तिच्या ओठांवरून दिसत होतं. गीतानं मानेनं तिला थांबवलं. वेचणी सुरू राहिली.

उन्हात कपाशी वेचताना बोलणं असलं तर दिवस जातो, नसलं तर ऊन मोजत बसावं लागतं. बोंडाच्या सुकलेल्या टोकांनी बोटं रक्ताळली. मक्यानं ती आधीच चिरलेली होती. दगडाबाई मागं पडली नाही. गीताच्या बरोबरीनं ओळ काढत गेली. एकदा ओटी भरून गाठोड्यात ओतताना दोघी एकदमच आल्या. गीतानं ओटीचं टोक धरून तिला ओतायला मदत केली, हात आपोआप गेला तसा. मग लगेच बाजूला झाली.  दगडाबाईला वाटलं, झालं आता. दुपार होऊ दे.

दुपार झाली. गीता बांधावरच्या लिंबाकडं निघाली. तो लिंब दोघींचाच. दगडाबाई मागून गेली आणि आपल्या नेहमीच्या जागी बसली. गीतानं फडकं सोडलं. भाकरी, ठेचा, वांग्याची कोरडी भाजी. दगडाबाई मोकळे हात मांडीवर ठेवून बसली होती. तिनं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. बाजरीचा वास आला आणि तिचं तोंड ओलं झालं.

गीतानं तिच्या हातांकडं बघितलं. गाठोडं नाही, डबा नाही, हे तिनं बघितलं. थोडा वेळ ती भाकरीवर हात ठेवून बसली. मग विशाखाला जवळ बोलावून हळू काही सांगितलं आणि पदराच्या गाठीतून पैसे काढून दिले. विशाखा म्हणाली, आई, कशाला गं. गीता म्हणाली, जा म्हन्लं ना. विशाखा रस्त्याच्या बाजूला गेली.

दगडाबाईला वाटलं, पोरीला घरी पाठवलं. भाकरी कमी पडतील म्हणून अजून आणायला पाठवलं. पैशांकडं तिनं लक्ष दिलं नाही. ती वाट बघत बसली. गीतानंही खायला सुरुवात केली नव्हती. लिंबाची पानं भाकरीवर पडत होती, गीता ती उचलून टाकत होती. इतक्या दिवसांत दगडाबाईला पहिल्यांदा कुठंतरी असल्यासारखं वाटत होतं.

विशाखा आली. तिनं हातातली वस्तू आईच्या हातात दिली आणि दूर जाऊन पाठमोरी बसली. बिस्किटाचा पुडा होता. गीतानं तो पदराच्या टोकात धरून दगडाबाईसमोर ठेवला.

"घ्या बाई," ती म्हणाली. "बंद हाय. कुनाचा हात लागलेला न्हाई."

दगडाबाईनं पुड्याकडं बघितलं. मग गीताकडं.

"गीता, भाकर दे मला."

"न्हाई."

"तुझ्या हातची मागायला आले मी."

"कळलं मला कामून आलात ते." गीताच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "हितं मागता. हितं तर तुम्ही आधीपासूनच खात व्हता. हितं कोन बघतंय?"

 दगडाबाईनं एवढा ठरवून ठरवून आणलेला भुकेचा दिवस गीतानं एका वाक्यात बाजूला ठेवला होता. गीतानं भाकरीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही.

"सांडूनानाचं डोकं माझ्या धम्मपालच्या मांडीवर व्हतं," ती म्हणाली. "तवा कुनी म्हन्लं न्हाई, याला खाली ठेव. मी त्यांचे पाय धरले, अन् भाकर घेऊन आले ती त्याच हातानं थापलेली. चार घरच्या भाकरी टोपल्यात गेल्या, माझी एकटीची गव्हाणीत. कौतिकबाईचं मी धरत न्हाई. तिला मी कोन? तुम्ही उठून घालून आलात, बायांनी बघितलं. मला म्हनायचं व्हतं, गीता, आज घरात लोक हायत, घेऊन जा. मी नेली असती. रडत नेली असती, पन नेली असती."

"मला त्या दिवशी काय कळत नव्हतं गं."

"व्हय," गीता म्हणाली. "न कळता हात तिकडंच गेला तुमचा."

मग ती जेवायला लागली. विशाखा आली, आईच्या बाजूला बसून जेवली. कुणी वर बघितलं नाही. दगडाबाईनं पुडा फोडला. न फोडता उठून जाता आलं असतं, पण तेही गीतावर रुसल्यासारखं झालं असतं, आणि रुसायचा हक्क आता आपल्याकडं उरला नाही हे तिला समजत होतं. तिनं एक बिस्कीट खाल्लं, मग दुसरं.  गीतानं पाण्याचा तांब्या तिच्या बाजूला सरकवला. बिस्किटं संपेपर्यंत ती खात राहिली.

दुपारनंतर तिनं ओळ धरली आणि दिवस मावळेपर्यंत वेचलं. गाठोडी बांधून झाली तेव्हा गीता म्हणाली, आमचं काम फिटलं बाई, आता उद्या येऊ नका. कचरू बैल घेऊन आला होता. तो म्हणाला, वैनी, गव्हाच्या पेरणीला आम्ही ट्रॅक्टर सांगितलाय, तुमचं तुम्ही बघा. ते त्यानं खाली मान घालून सांगितलं. बरं, ती म्हणाली, आणि बांधावरून आपल्या वावरात उतरली. उभा मका डाव्या हाताला तसाच होता. तिनं त्याच्याकडं बघितलंही नाही.

घरी येऊन तिनं दिवा लावला. बोटांना तेल चोपडत होती तेव्हा सोमनाथचा फोन आला. जेवलीस का, त्यानं विचारलं.

"जेवले," ती म्हणाली. "गीताकडं."

सोमनाथचा आवाज एकदम मोकळा झाला. इतके दिवस त्याच्याही जिवाला ते लागून होतं, हे तिला तेव्हा कळलं. तो म्हणाला, बरं झालं आई, मिटलं एकदाचं, गीतामावशीचं मन मोठं आहे. मग म्हणाला, ठोक्यानं घ्यायला एक जण तयार झाला होता, त्याला आता नको म्हणून सांगतो.

"नको म्हनू नको," दगडाबाई म्हणाली. "देऊन टाक त्याला."

"अगं, पण का? मावशी आहे ना आता सोबतीला?"

दगडाबाईनं तेलाची बोटं पदराला पुसली. फोनमधून मागं दीपमालाच्या भांड्यांचा आवाज येत होता.

"दे तू," दगडाबाई म्हणाली. "त्या लिंबाखाली मला एकटीला भाकर जात न्हाई."